कानातली शिट्टी, पावसाचा आवाज आणि पंचेचाळीस हजारांचं मशीन

आधी प्रश्न थोडक्यात. दापोली तालुक्यातले ६१ वर्षांचे गृहस्थ आहेत. २८ वर्षं भाताची आणि पिठाची गिरण चालवली, आता ती मुलगा बघतो. अडीच वर्षांपासून दोन्ही कानांत बारीक शिट्टी वाजते, डाव्या कानात जरा जास्त, रात्री तर विचारू नका. डॉक्टरांनी कान तपासले. मळ नाही, पडदा ठीक आहे, ‘नस कमजोर झालीय, सवय करून घ्या’ असं सांगून गोळ्या दिल्या. सध्या ते यूट्यूबवरचा पावसाचा आवाज इअरफोनवर मोठ्याने लावून झोपतात, पण इअरफोन काढला की शिट्टी आहे तिथेच. आता एका दुकानदाराने साउंड थेरपीचं ४५ हजारांचं मशीन सुचवलंय आणि तीन महिन्यांत आवाज बंद होण्याची गॅरंटी दिलीय. त्यांचा प्रश्न असा, की घ्यावं का? आणि ही थेरपी खरंच चालते का?

काका, मशीन आत्ता घेऊ नका. कधीच घेऊ नका असं म्हणत नाही. पण जो माणूस तुमचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, न बघता गॅरंटी देतो, त्याच्याकडून तर नकोच. थेरपीबद्दल विचाराल, तर ती चालते, पण तुम्हाला सांगितलंय तशी नाही. कानातला आवाज बंद करणं हे तिचं कामच नव्हे. आवाज असूनही तुमचं त्याच्याकडे लक्ष जाऊ नये, एवढंच तिचं काम. ऐकायला ही पळवाट वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी रत्नागिरीत २२ वर्षं ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, म्हणून काम करतो. माझं आजोळ समुद्राला लागून, मधे फक्त सुरूचं बन. मे महिन्यात पुण्याहून पाहुणे आले की पहिल्या रात्री त्यांना झोप लागायची नाही. ‘ही गाज रात्रभर अशीच चालते?’ विचारायचे. आजीला प्रश्नच कळायचा नाही. कसली गाज? तिला ती ऐकू यायची, कान शाबूत होते. पण तिच्या मेंदूने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं की या आवाजात बातमी काही नाही. हीच आजी रात्री गोठ्यात गाईच्या गळ्यातली घंटा जरा वेगळी वाजली तर उठून बसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी पाहुणेही ढाराढूर झोपायचे. गाज तेवढीच होती, कमी झालं होतं ते तिचं महत्त्व.

तुमच्या शिट्टीचं असंच व्हायला हवं. डॉक्टर ‘सवय करून घ्या’ म्हणाले ते चूक नाही, पण सवय कशी करायची ते सांगायचं राहून गेलं. साउंड थेरपी म्हणजे ते ‘कशी’.

शिट्टी येते कुठून? आतल्या कानात, शंखात, अतिशय बारीक केसपेशी असतात. भात सडणाऱ्या हलरच्या आणि पट्ट्यांच्या आवाजात वर्षानुवर्षं उभं राहिलं की त्या मरतात, आणि एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. आवाजाने होणाऱ्या बहिरेपणाचा पहिला खड्डा सहसा ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो. बोलणं ऐकू येतं, पण ‘स’, ‘श’, ‘च’ निसटतात, नातवंडांचं बोलणं पुटपुटल्यासारखं वाटतं, टीव्हीचा आवाज वाढत जातो. त्या भागातून मेंदूकडे येणारी खबर कमी झाली की मेंदू काय करतो? आपण रेडिओ नीट लागत नाही म्हणून व्हॉल्यूम चढवतो, तसाच तोही आपला व्हॉल्यूम चढवतो. मग स्टेशन नसलं तरी खरखर ऐकू येतेच. तीच तुमची शिट्टी. म्हणून कानाची नस कापली तरी कित्येकांचा आवाज जात नाही, पूर्वी तसे प्रयोग होऊन गेलेत. आवाजाची सुरुवात कानात झाली असली तरी आता त्याचा मुक्काम मेंदूत आहे.

ज्यांना काही त्रास नाही त्यांनाही हा आवाज ऐकू येऊ शकतो. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत काही मिनिटं बसवलं आणि काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी गुणगुण, शिट्टी, किर्र असं काही ना काही लिहिलं. शांतता जितकी गाढ, तितका आतला आवाज वर येतो. दापोलीकडची गावं रात्री किती शांत असतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

माझ्या वहीत एक गंमत दिसते. जून ते सप्टेंबर कर्णनादाचे, म्हणजे कानात असा आवाज येण्याचे, नवे पेशंट कमी आणि ऑक्टोबर लागला की एकामागून एक. पावसात लोक प्रवास टाळतात, भातलावणी असते, ही कारणं आहेतच. पण पेशंट स्वतःच सांगतात, ‘पावसात बरं होतं हो, पाऊस गेला आणि सुरू झालं.’ चार महिने कौलांवर पाऊस, पागोळ्यांची धार, बेडूक, वाऱ्याने हलणाऱ्या माडांच्या झावळ्या. निसर्गाने फुकट दिलेली थेरपीच ती. उलटंही होतं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडात कितीतरी दिवस वीज नव्हती. तिकडच्या एक बाई नंतर माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, ‘छप्पर गेलं त्याचं काही नाही, पण पंखा बंद पडला आणि कानातलं सुरू झालं, ते आता थांबत नाही.’ आवाज पूर्वीही असणार, वरचं पांघरूण तेवढं गेलं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो.

सगळ्यात आधी प्युअर टोन ऑडिओमेट्री, म्हणजे एकेक सूर ऐकवून केलेली ऐकण्याची तपासणी, करून घ्या. नुसता दुर्बिणीने कान बघून हे कळत नाही. जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा, नाहीतर जवळच्या ऑडिओलॉजिस्टकडे जा. त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, नोंदणी आहे का ते बिनधास्त विचारा. मशीन विकणारा प्रत्येक जण ऑडिओलॉजिस्ट नसतो. तुमची शिट्टी डावीकडे जास्त आहे, हे मला जरा खटकतं. दोन्ही कानांच्या आलेखात मोठा फरक निघाला तर डॉक्टर एमआरआय सुचवतील. घाबरू नका, पण टाळूही नका. ऐकण्याच्या नसेवर क्वचित साधी, कर्करोग नसलेली गाठ असते, ती नाही ना एवढं बघायचं असतं. तुमच्याकडे डाव्या बाजूचा आवाज जास्त असण्याचं कारण बहुधा साधं असेल. इंजिन कोणत्या हाताला होतं, आठवून बघा.

तपासणीत नेमकं काय होतं ते एका पेशंटवरून सांगतो. चिरेखाणीवर यंत्र चालवणारा पन्नाशीचा माणूस. ‘कानात रातकिडो शिरलो हा,’ हे त्याचं पहिलं वाक्य. त्याला बंद खोलीत हेडफोन लावून मी एकेक सूर ऐकवत गेलो. हा तुझ्या किड्यासारखा? याहून बारीक? ६००० हर्ट्झला त्याने पटकन हात वर केला. मग तोच सूर अगदी हळू सुरू करून एकेक डेसिबल चढवत नेला. म्हटलं, किड्याएवढा झाला की सांग. तो सूर त्याला जेमतेम ऐकू यायला लागायचा ५५ डेसिबलला, आणि ६१ ला तो म्हणाला, ‘झालो, एवढोच.’ ऐकू येण्याच्या मर्यादेपेक्षा फक्त सहा डेसिबल वर. मी त्याला आकडा दाखवला. तो बघतच राहिला. ‘एवढोसोच? माका तर रेल्वे गेल्यासारखी वाटता.’

बहुतेकांचं मोजमाप असंच निघतं, मर्यादेच्या वर पाच-दहा डेसिबल. याचा अर्थ त्रास खोटा आहे असा कुणी काढू नये, घरच्यांनी तर मुळीच नाही. त्रास किती आहे ते मी वेगळं मोजतो. २५ प्रश्नांची, १०० गुणांची एक प्रश्नावली असते, तिच्यात या माणसाला ६४ गुण होते. म्हणजे तीव्र त्रास. आवाज सहा डेसिबल आणि त्रास चौसष्ट. आपलं सगळं काम या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे. सहाचे पाच करता येत नाहीत, चौसष्टचे तीस करता येतात.

तुमच्या ऑडिओग्राममध्ये ऐकू कमी येत असल्याचं निघालं, आणि २८ वर्षं गिरण म्हटल्यावर ते निघेलच असं मी धरून चालतो, तर तुमची पहिली साउंड थेरपी म्हणजे साधं श्रवणयंत्र. खास ‘टिनिटसचं’, म्हणजे कर्णनादाचं, मशीन नव्हे. मेंदूने व्हॉल्यूम चढवला तो खबर येईना म्हणून. यंत्र ती खबर परत पोचवतं. पंखा, भांड्यांचा आवाज, पाखरं, अंगणातल्या झाडूची खरखर, हे सगळं दिवसभर कानावर पडत राहतं आणि शिट्टी त्यात मिसळते. त्या चिरेखाणवाल्याला यंत्र लावून मी बाहेरच्या बाकावर अर्धा तास बसवलं. आत आला तो म्हणाला, बाहेर कावळे फार आहेत. किड्याचं मी विचारल्यावर थांबला, कान दिला, मग म्हणाला, ‘हा, पण सोधूचो लागता.’ शोधावा लागतो. याहून चांगली व्याख्या मला पुस्तकात सापडलेली नाही.

यंत्र घ्यायचं तर कान पूर्ण बंद न करणारं, उघड्या घुमटीचं बघा, अर्थात तुमच्या आलेखात बसत असेल तर. आणि आठ-पंधरा दिवस घरी वापरून बघू देणाऱ्याकडूनच घ्या. आजकाल बऱ्याच यंत्रांत पावसासारखा आवाज सोडायची सोय आतच असते, त्यासाठी वेगळा डबा घ्यावा लागत नाही. बहिरेपणा ठरावीक टक्क्यांच्या वर असेल आणि उत्पन्न मर्यादेत असेल, तर केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेतून यंत्र मिळू शकतं. त्यासाठी दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

आता तुमचा पाऊस. आवाज बरोबर निवडलात, लावायची पद्धत चुकली. पहिलं, इअरफोन नको. तो कान बंद करतो, बाहेरचा सगळा आवाज अडवतो, आणि रात्रभर मोठ्याने लावला तर उरलेल्या पेशींचंही नुकसान करतो. फोन किंवा छोटा स्पीकर उशाशी नको, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. नेटवर्कचा भरवसा नसतो आणि मधेच जाहिरात ओरडते, म्हणून आवाज आधी डाउनलोड करून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे, आवाज किती ठेवायचा. शून्यापासून हळूहळू चढवत न्या. एक जागा अशी येते की पाऊस आणि शिट्टी एकमेकांत मिसळायला लागतात, शिट्टी वेगळी काढायला मुद्दाम कान द्यावा लागतो. तिथे थांबा आणि एक घर खाली या. शिट्टी थोडीशी ऐकू आलीच पाहिजे. अंधारात काजवा डोळ्यांत भरतो, चांदण्यात तोच काजवा शोधावा लागतो. आपल्याला चांदणं हवंय, भर दुपारचं ऊन नको.

हे मी सुरुवातीला स्वतःच चुकलोय. नवीन होतो तेव्हा एका निवृत्त शिक्षकांना मी आवाज देणारं यंत्र शिट्टी पूर्ण बुडेल इतक्या मोठ्या आवाजावर लावून दिलं. पंधरा दिवस ते माझ्यावर बेहद्द खूश. नंतर यंत्र काढायची त्यांना भीती वाटायला लागली. काढलं की शिट्टी दुप्पट वाटायची. आंघोळीला जातानाही यंत्र कधी परत लावतो असं व्हायचं. मी त्यांना सवय लावली होती ती यंत्राची. शिट्टी त्यांच्या कानावर पडतच नव्हती, मग तिची सवय होणार कशी? १९९० च्या सुमारास जॅस्ट्रेबॉफ या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या टिनिटस रिट्रेनिंगचा, म्हणजे मेंदूला शिट्टीकडे दुर्लक्ष करायला शिकवण्याच्या पद्धतीचा, गाभाच हा, की आवाज कमी ठेवायचा आणि सोबत समुपदेशन करायचं. किती कमी, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण माझ्या अनुभवात ‘एक घर खाली’ ने कुणाचं बिघडलेलं नाही.

आवाज कोणता? कंटाळवाणा. त्यात शब्द नकोत, ताल नको, चढउतार नकोत. व्हाइट नॉइज, म्हणजे सगळे सूर सारख्याच जोराने मिसळलेला आवाज, सर्वांत फसफसता, पिंक त्याहून मऊ, ब्राउन म्हणजे लांबून येणारी गाज. शिट्टी बारीक असेल तर पिंक किंवा पाऊस बरा, ब्राउन फार खालच्या पट्टीत राहतो. पण कानाला त्रासदायक वाटेल तो आवाज, कितीही शास्त्रशुद्ध असला तरी, बाद. हर्णैच्या एका खलाशाला मी मोठ्या हौसेने लाटांचा आवाज दिला होता. दुसऱ्या दिवशी परत. ‘साहेब, हा लावला की जाळी टाकायची वेळ झाली असं वाटतं, झोपच उडते.’ त्याला शेवटी टेबल फॅनचा आवाज लागू पडला. ४३२ हर्ट्झ, ५२८ हर्ट्झ, ‘कर्णनाद कायमचा बंद करणारा सूर’, असे जे व्हिडिओ आहेत त्यांना काही आधार नाही. ऐकून नुकसान नाही, एवढंच.

आणि थेरपी फक्त झोपताना नको. तुमची चूक इथेही होतेय. दिवसभर शांत घरात बसून शिट्टीवर पहारा ठेवायचा आणि रात्री अकराला पाऊस लावायचा, याने मेंदूला काहीच शिकायला मिळत नाही. दिवसाही घरात काहीतरी मंद चालू असू द्या. रेडिओ, पंखा, खिडकी उघडी. वीज जाईल त्या रात्रीसाठी बॅटरीवरचा छोटा स्पीकर चार्ज करून ठेवा.

किती दिवस? फरक जाणवायला तीन ते सहा महिने, पूर्ण बसायला वर्ष-दीड वर्षही लागतं. आणि मधे उलटे दिवस येतात. सर्दी झाली, जागरण झालं, घरात भांडण झालं, की शिट्टी वर येते. ती परत खाली जाते.

पुराव्याबद्दलही खरं सांगायला हवं, नाहीतर माझ्यात आणि त्या दुकानदारात फरक काय? २०१८ मध्ये वैद्यकीय पुरावा तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने साउंड थेरपीच्या आठ अभ्यासांचा, एकूण ५९० रुग्णांचा आढावा घेतला. श्रवणयंत्र, आवाजाचं यंत्र किंवा दोन्ही एकत्र, यांपैकी एक दुसऱ्यापेक्षा सरस असल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. काही न करता वाट बघण्यापेक्षा ही यंत्रं बरी, एवढंही सिद्ध झालं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेत सैन्याशी संबंधित १५१ रुग्णांवर चाचणी झाली. खरं आवाजाचं यंत्र दिलेले, नकली यंत्र दिलेले आणि नेहमीचे उपचार दिलेले, तिन्ही गट सुधारले, साधारण सारखेच. मी यातून असं वाचतो, की नीट समजावून सांगणं आणि भीती घालवणं यांचा वाटा मोठा आहे, डब्याचा लहान. मग पाऊस कशाला? कारण तो फुकट आहे, निरुपद्रवी आहे आणि आजची रात्र काढून देतो. ४५ हजारांच्या बाबतीत हे म्हणता येत नाही.

त्रास कमी करण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे तो सीबीटीचा, म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलणाऱ्या मानसोपचाराचा. ‘मला काय वेड लागलंय?’ असं विचारू नका, सगळे विचारतात. ‘हा आवाज वाढत जाऊन मी बहिरा होणार’ हा विचार रात्री दोनला मनात येतो, छाती धडधडते, आणि मेंदू शिट्टीवर ‘धोका’ असा शिक्का मारतो. तो शिक्का पुसायचं काम सीबीटी करते. शिट्टी बहिरेपणा आणत नाही. आलेल्या बहिरेपणाची ती सावली आहे. कुणाला जगणंच नकोसं वाटण्यापर्यंत गेलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तिथे फोन करायला लाजू नये.

गोळ्यांचं झटपट सांगतो. जिंको, झिंक, मेलाटोनिन यांचा वापर कर्णनादासाठी करू नये, असं अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय. रक्तदाबाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या गोळ्या मात्र शिट्टीच्या संशयावरून स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. कानात कोमट तेल घालायची आपल्याकडे पद्धत आहे. शिट्टीला त्याचा उपयोग नाही, आणि पडद्याला भोक असेल तर कान वाहायला लागतो.

आणि काही वेळा थेरपीबिरपी विसरून थेट दवाखाना गाठायचा. आवाज नाडीसारखा ठोके देत असेल, भोवंड येत असेल, चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटत असेल. किंवा एखाद्या सकाळी एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी निघायचं. ‘पाणी गेलं असेल, बघू आठवड्याने’ म्हणत थांबलेले कान मी पाहिलेत. त्या दुखण्यावरची औषधं पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतात.

तुम्ही लिहिलंय की गिरण आता मुलगा चालवतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथला आवाज ८५ डेसिबलच्या वर समजायचा, आणि तिथे आठ तास काढणं कानाला झेपत नाही. तुमची तपासणी होईल त्याच दिवशी त्यालाही सोबत न्या आणि त्याचाही ऑडिओग्राम काढा. येताना हार्डवेअरच्या दुकानातून कान झाकणारे दोन मफ घ्या. एक त्याला, एक तुम्हाला, गिरणीत डोकावायला जाल तेव्हासाठी. घरी मात्र तो मफ खुंटीलाच राहू दे.